रंगीत युद्धचित्रांतील ऊन

फेब्रुवारी १९४३. अमेरिकेतील टेनेसी राज्यात, नॅशव्हिल येथील व्हल्टी कंपनीच्या विमान कारखान्यात एक तरुण कामगार स्त्री हातातले ड्रिल यंत्र विमानाच्या पत्र्यावर टेकवून उभी आहे. केस रुमालात घट्ट बांधलेले, नजर कामावर खिळलेली. मागचा अंधार आणि तिच्या अंगावर पडलेला प्रकाश पाहून एखाद्या चित्रपटाच्या सेटची आठवण व्हावी. अमेरिकी सरकारसाठी काम करणारे छायाचित्रकार आल्फ्रेड पामर यांनी कोडॅक्रोम फिल्मवर टिपलेले हे छायाचित्र गेल्या काही वर्षांत जगभर इतके फिरले आहे की ते कुठे तरी पाहिले नाही, असा वाचक विरळा. प्रथम पाहणाऱ्याची प्रतिक्रिया बहुधा एकच असते : हे ऐंशी वर्षांपूर्वीचे वाटतच नाही!

त्या स्त्रीच्या हाताखालचे विमान होते ‘व्हेन्जन्स’, आकाशातून सूर मारून बॉम्ब टाकणारे. त्याची एक कथा थेट आपल्यापर्यंत येते. अमेरिकेत बांधल्या गेलेल्या या विमानांचा मोठा वाटा ब्रिटिश साम्राज्याच्या हवाई दलांना मिळाला आणि भारतीय हवाई दलाच्या सातव्या व आठव्या स्क्वाड्रनने १९४३-४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हीच विमाने उडवली. छायाचित्र पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. रंगांचे आकर्षण असे असते की चेहरा पाहून झाल्यावर विमानाकडे पाहायचे राहूनच जाते.

या आकर्षणाचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाचे जे चित्र आपल्या मनात आहे, ते कृष्णधवल आहे. पाठ्यपुस्तके, माहितीपट, चित्रपटगृहात मुख्य खेळापूर्वी दाखवले जाणारे वृत्तपट या सगळ्यांनी ते तसे घडवले. कृष्णधवल म्हणजे ‘तेव्हा’ आणि रंगीत म्हणजे ‘आता’ अशी सवयच डोळ्यांना लागून गेली. अशा डोळ्यांसमोर १९४२ सालचे निळे आकाश, खाकी गणवेशाची खरी छटा किंवा ओठांचा लाल रंग अचानक आला, की मधली वर्षे गळून पडतात. माणूस ऐतिहासिक राहत नाही, शेजारचा होतो. हा अनुभव खोटा नाही. पण ते रंग आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले, हे कळल्यावर त्याच छायाचित्रांकडे पाहण्याची नजर बदलते.

रंगीत छायाचित्रण काही दुसऱ्या महायुद्धात जन्मले नाही. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये ‘ऑटोक्रोम’ ही काचेची रंगीत पट्टी बाजारात आणली. बटाट्याच्या पिठाचे रंगवलेले सूक्ष्म कण हा तिचा आधार होता. पहिल्या महायुद्धात पॉल कास्टेल्नो आणि फर्नां कुव्हिल या फ्रेंच सैन्यातील छायाचित्रकारांनी तिच्यावर उद्ध्वस्त ऱ्हँस शहर व आघाडीमागचे सैनिक टिपले. पण पट्टीला प्रकाश खाऊ घालायला काही सेकंद लागत. धावणारा सैनिक त्यात उमटणेच शक्य नव्हते. म्हणून ती युद्धचित्रे विलक्षण स्तब्ध आहेत : भग्न भिंती, रांगेत बसलेली माणसे, वाळत घातलेले कपडे.

रंगीत फिल्म खऱ्या अर्थाने हातात आली ती १९३५-३६ मध्ये. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने १९३५ मध्ये चलच्चित्रांसाठी आणि पुढील वर्षी साध्या कॅमेऱ्यासाठी कोडॅक्रोम विकायला सुरुवात केली. तिचे जनक लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे दोघे व्यवसायाने संगीतकार होते, ही गंमत छायाचित्रणाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. जर्मनीत व्होल्फेन येथील आग्फाच्या कारखान्याने १९३६ मध्येच ‘आग्फाकलर नॉय’ ही फिल्म आणली. दोहोंत महत्त्वाचा फरक होता. कोडॅक्रोममध्ये रंग फिल्म धुताना बाहेरून भरले जात. ती प्रक्रिया इतकी किचकट होती की फिल्म कंपनीच्या प्रयोगशाळेतच पाठवावी लागे. आग्फाच्या फिल्मच्या थरांत मात्र रंग घडवणारी द्रव्ये आधीच मिसळलेली असत. त्यामुळे ती धुणे सोपे होते. पुढे जगातील बहुतेक रंगीत फिल्म याच दुसऱ्या वाटेने गेल्या. युद्धानंतर व्होल्फेनचा कारखाना सोव्हिएत ताब्यात आणि मग पूर्व जर्मनीत गेला. तिथून १९६४ नंतर ‘ओर्वो’ या नावाने निघालेली फिल्म भारतातील स्टुडिओंत आणि चित्रपटसृष्टीत चांगलीच रुळली होती. जुन्या छायाचित्रकारांना ते नाव आजही परके वाटणार नाही.

दोन्ही फिल्म्सचे दुखणे एकच होते : मंद गती. सुरुवातीच्या कोडॅक्रोमची गती अवघी १० एएसए. आजच्या मोबाइलमधला कॅमेरा संध्याकाळच्या दिवाणखान्यात सहज हजाराच्या पलीकडे जातो. १० एएसएची फिल्म घेऊन भर दुपारच्या उन्हात उभे राहिले आणि भिंगाचे छिद्र ५.६ वर ठेवले, तर पडदा सेकंदाच्या सुमारे ऐंशीव्या भागाइतका वेळ उघडा ठेवावा लागतो. ढग आले की तेवढेही जमत नाही. पहाट, धूर, पाऊस, रात्र आणि खंदकातला काळोख म्हणजे बहुतांशी प्रत्यक्ष लढाईच या फिल्मच्या आवाक्याबाहेर होती.

जुनी रंगीत युद्धचित्रे एकत्र ठेवून पाहिली की हे चटकन लक्षात येते. त्यांत सतत ऊन असते. विमाने जमिनीवर उभी, रणगाडे सरावाच्या मैदानात, सैनिक रांगेत किंवा जेवताना, परिचारिका बागेत. कारखान्यातील दृश्यांसाठी पामर यांच्यासारखे छायाचित्रकार दिवे लावून रीतसर तयारी करत. त्या स्त्रीवरचा नाट्यमय प्रकाश त्यातलाच. रॉबर्ट कापा यांनी १९३८ मध्येच चीनमधील हँकाऊ शहर जपानी बॉम्बफेकीनंतर रंगीत फिल्मवर टिपले होते आणि ‘लाइफ’ साप्ताहिकाने ती चित्रे त्याच वर्षी छापली. दुसऱ्या महायुद्धातही ते रंगीत फिल्म जवळ बाळगत. पण ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर गोळ्यांच्या वर्षावात त्यांनी घेतलेली जी छायाचित्रे अजरामर झाली, ती कृष्णधवलच आहेत. त्यांच्या रंगीत कामाकडे जगाचे लक्ष गेले ते २०१४ मध्ये, न्यूयॉर्कमधील प्रदर्शनामुळे. याला एक भीषण अपवाद आहे. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, ती उजाडण्यापूर्वी. तिचे एकमेव नीट उमटलेले रंगीत छायाचित्र जॅक एबी यांनी घेतले. तिथे प्रकाशाची वाण नव्हती.

फिल्म कोणाच्या हातात होती, हे त्याहून महत्त्वाचे. ती महाग होती, दुर्मीळ होती आणि युद्धकाळात सामान्य माणसाला सहजी मिळत नव्हती. त्यामुळे रंगीत युद्धचित्रांचे मोठे संग्रह तीन-चार ठिकाणचेच आहेत आणि त्यांच्यामागे बहुतेक वेळा कुणाचे तरी प्रचारखाते उभे आहे. अमेरिकेत मंदीच्या काळातील शेतकऱ्यांची दैना टिपण्यासाठी सुरू झालेला सरकारी छायाचित्र विभाग १९४२ मध्ये युद्ध माहिती कार्यालयाखाली आला. त्याने काढलेल्या सुमारे १६०० रंगीत पारदर्शिका पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा झाल्या. जॅक डेलानो यांची शिकागोची रेल्वे यार्डे, आयोवातील क्लिंटन येथे इंजिने पुसण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांची दुपारची जेवणाची सुट्टी हे त्यातलेच. हा ठेवा कित्येक दशके जवळपास विस्मृतीत होता. जानेवारी २००८ मध्ये ग्रंथालयाने तो ‘फ्लिकर’ या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला केला आणि आज दिसणाऱ्या या साऱ्या कुतूहलाला तिथून उधाण आले. ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाने युद्धकाळात सुमारे ३००० रंगीत छायाचित्रे काढून घेतली. त्यांपैकी जेमतेम निम्मी उरली आणि ती १९४९ मध्ये लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आली.

जर्मनीची गोष्ट वेगळी आणि अधिक अस्वस्थ करणारी. हिटलरच्या खास गोटात वावरणारा छायाचित्रकार हुगो येगर रंगीत फिल्मचा भोक्ता होता. मेळावे, मेजवान्या, संचलने त्याने रंगांत टिपली. कुत्नो या पोलिश गावातील ज्यू वस्तीतही तो कॅमेरा घेऊन गेला होता. १९४५ मध्ये म्युनिकजवळ अमेरिकी सैनिकांनी त्याची बॅग तपासली, तेव्हा त्यांचे लक्ष वर ठेवलेल्या ब्रँडीच्या बाटलीकडे गेले आणि खालच्या पारदर्शिका निसटल्या. येगरने त्या काचेच्या बरण्यांत भरून जमिनीत पुरल्या, पुढे बँकेच्या तिजोरीत ठेवल्या आणि १९६५ मध्ये ‘लाइफ’ला विकल्या.

रंगांची ही भूल किती दूर नेऊ शकते, याचा धडा पॅरिसला २००८ मध्ये मिळाला. आंद्रे झुका हा फ्रेंच छायाचित्रकार १९४१ ते १९४४ या काळात ‘सिग्नल’ या जर्मन लष्कराच्या सचित्र नियतकालिकासाठी काम करत होता. इतरांना दुर्मीळ असलेली आग्फाकलर त्याला मिळत होती ती त्यामुळेच. त्याचा संग्रह पॅरिस शहराने १९८६ मध्ये विकत घेतला होता. त्यातील अडीचशेहून अधिक छायाचित्रांचे प्रदर्शन शहराच्या ऐतिहासिक ग्रंथालयात भरले आणि गर्दी उसळली. फुलाफुलांचे झगे, उपाहारगृहांचे छत, सायकली, उन्हाचे चष्मे, सेनच्या काठी पहुडलेली माणसे. फिल्मला ऊन हवे होते, म्हणून ताब्यातील पॅरिसवर सदोदित ऊन पडलेले! शिधापत्रिका, रांगा आणि थंडीने काकडलेली घरे त्यात जवळपास नव्हतीच. जून १९४२ पासून ज्यूंवर पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली. तो अगदी मोजक्या चौकटींत दिसतो. त्याच वर्षी १६ व १७ जुलै रोजी पॅरिस परिसरात तेरा हजारांहून अधिक ज्यू स्त्री-पुरुष-मुलांची धरपकड झाली, ती या रंगीत पॅरिसात कुठेच नाही.

वाद पेटला तो चित्रांवरून कमी आणि मांडणीवरून जास्त. ही छायाचित्रे कोणासाठी काढली गेली, हे प्रेक्षकाला पुरेसे सांगितले नव्हते. ‘ताब्यातील पॅरिसवासी’ अशा अर्थाच्या शीर्षकावरही आक्षेप आला : हे पॅरिसवासी म्हणजे सगळेच का? प्रदर्शन बंद करण्याचीही मागणी झाली. शेवटी ते सुरू राहिले, पण प्रेक्षकांच्या हाती खुलाशाचे पत्रक ठेवण्यात आले. झुकाने स्वतः पुढे काय केले, तर पॅरिस मुक्त झाल्यावर अटक व चौकशी पार पडून तो द्रू या गावी गेला आणि वेगळ्या नावाने लग्नाचे फोटो काढू लागला. प्रदर्शन बंद न करता पत्रक दिले, हे योग्यच झाले असे म्हणावे लागेल. चित्रे खोटी नव्हती. त्यांच्या चौकटीबाहेर काय ठेवले गेले, एवढे सांगणे बाकी होते.

पोलंडमधील वुच शहरात हाच प्रश्न अधिक क्रूर रूपात उभा राहतो. तिथे नाझींनी दीड लाखाहून अधिक ज्यूंना एका वस्तीत कोंडून त्यांच्याकडून शिवणकाम, चर्मकाम, टोप्या विणणे अशी कामे करून घेतली. या वस्तीच्या जर्मन प्रशासनाचा मुख्य हिशेबनीस वाल्टर गेनेवाइन हा हौशी छायाचित्रकार होता. कारखाने किती नीटनेटके चालतात, हे दाखवण्यासाठी त्याने आग्फाकलरवर वस्तीचे शेकडो फोटो काढले. त्यांपैकी सुमारे ४०० पारदर्शिका १९८७ मध्ये व्हिएन्नातील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडल्या. त्यांत शिवणयंत्रांवर वाकलेली माणसे आहेत, बाजार आहे, कपड्यांचे ढीग आहेत, पिवळे तारे आहेत. उपासमार आणि मृत्यूच्या गाड्या नाहीत. गेनेवाइनची आग्फा कंपनीशी झालेली पत्रापत्रीही उपलब्ध आहे. त्यात त्याची तक्रार आहे की फिल्मवर तांबूस-तपकिरी झाक येते. ज्या वस्तीत माणसे भुकेने मरत होती, तिथे बसून या गृहस्थाला रंग बिघडल्याची खंत होती.

पोलिश दिग्दर्शक दारिउश याब्वोन्स्की यांनी १९९८ मध्ये या पारदर्शिकांवर माहितीपट केला. त्यात त्यांनी एक साधी उलटापालट केली. गेनेवाइनची चित्रे आहेत तशी रंगीत ठेवली आणि त्या वस्तीत डॉक्टर असलेल्या, जिवंत राहिलेल्या आर्नोल्ड मोस्तोविच यांचे आजचे कथन कृष्णधवल चित्रित केले. मोस्तोविच पडद्यावरील रंगांकडे पाहतात आणि सांगतात की आपण अनुभवलेली वस्ती ती ही नव्हे.

याच वस्तीचे दुसरे दप्तर कृष्णधवल आहे. मेंडेल ग्रोसमन आणि हेन्रिक रॉस या दोन ज्यू छायाचित्रकारांना वस्तीच्या कार्यालयासाठी ओळखपत्रांचे वगैरे फोटो काढण्याचे काम होते. कामाच्या आडून, जिवावर उदार होऊन, त्यांनी रस्त्यावर पडलेली माणसे, प्रेते वाहून नेणाऱ्या गाड्या, मृत्युछावण्यांकडे निघालेले जथे टिपले. १९४४ च्या शरद ऋतूत रॉस यांनी सुमारे ६००० निगेटिव्ह पेटीत घालून पुरल्या. वस्ती मुक्त झाल्यावर, १९४५ मध्ये, त्यांनी त्या उकरून काढल्या. निम्म्याच वापरण्याजोग्या उरल्या होत्या. पाण्याने खाल्लेल्या कडांचे ते करडे ठसे आणि गेनेवाइनच्या स्वच्छ रंगीत पारदर्शिका शेजारी ठेवल्या, की सत्ता कोणत्या बाजूला होती हे फिल्मच सांगते.

याला छेद देणारे उदाहरणही आहे. पर्ल हार्बरनंतर अमेरिकेने आपल्याच देशातील जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना छावण्यांत ठेवले. वायोमिंगमधील हार्ट माउंटन छावणीत दहा हजारांवर माणसे होती. तिथे कोंडलेला बिल मॅन्बो हा मोटार मेकॅनिक १९४३-४४ मध्ये स्वतःच्या कॅमेऱ्यात कोडॅक्रोम भरून फोटो काढत होता : किमोनो घालून नाचणाऱ्या मुली, बर्फावर घसरणारी पोरे, काटेरी कुंपणाला धरून उभा असलेला त्याचा लहान मुलगा. पुस्तकरूपाने ही छायाचित्रे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. यांतही ऊन आहे आणि हसरे चेहरे आहेत. फरक एवढाच की इथे कॅमेरा कुंपणाच्या आतल्या माणसाच्या हातात आहे.

भारतीय सैनिक या रंगीत जगात फारच विरळा भेटतात. युद्धाच्या अखेरीस भारतीय लष्कराची संख्या पंचवीस लाखांच्या घरात होती. रायगडच्या पळसगावचे यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये आणि नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव एप्रिल १९४५ मध्ये इटलीच्या आघाडीवर लढले आणि दोघेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. पण कोकण-देशावरच्या घरांतून त्या पिढीची आठवण टिकली आहे ती छावणीजवळच्या स्टुडिओत काढलेल्या कृष्णधवल फोटोंत. फार तर स्टुडिओवाल्याने कुंचल्याने गालांवर गुलाबी आणि गणवेशावर हिरवट रंग चढवलेला असतो.

हा कुंचला आता संगणकाच्या हाती आला आहे, आणि मूळ रंगीत छायाचित्र व मागाहून रंगवलेले छायाचित्र यांतील सीमारेषा पुसट होत चालली आहे. पीटर जॅक्सन यांनी २०१८ मध्ये पहिल्या महायुद्धातील चित्रफिती रंगवून केलेला माहितीपट गाजला. रंग नवे आहेत हे त्यात लपवलेले नव्हते. उलट एप्रिल २०२१ मध्ये कंबोडियातील तुओल स्लेंग तुरुंगात ठार मारल्या गेलेल्या कैद्यांचे फोटो रंगवून एका संकेतस्थळावर झळकले, तेव्हा काही चेहऱ्यांवर मुळात नसलेले हसू आणून ठेवल्याचे उघड झाले. कंबोडिया सरकारने निषेध नोंदवला आणि ते फोटो काढून टाकावे लागले. खऱ्या कोडॅक्रोममध्ये गणवेशाचा रंग हा पुरावा असतो. रंगवलेल्या चित्रात तो एक तर अभ्यासपूर्ण अंदाज असतो किंवा नुसती हौस. संग्रहालयाच्या मूळ नोंदीत ‘रंगीत पारदर्शिका’ असा उल्लेख आहे का, हे पाहणे हा त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय.

मूळ रंग इतके ताजे राहिले याचे श्रेय रसायनाला आहे. कोडॅक्रोम धुतल्यावर तिच्या थरांत रंग घडवणारी न वापरलेली द्रव्ये उरत नसत. त्यामुळे अंधारात नीट ठेवलेली पारदर्शिका दशकानुदशके फिकी पडत नाही. प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर वारंवार धरली तर मात्र ती लवकर उतरते. कित्येक वर्षे कोणी पाहिली नाहीत म्हणूनच लायब्ररी ऑफ काँग्रेसची चित्रे इतकी टवटवीत आहेत, असे म्हटले तरी चालेल. सुरुवातीच्या आग्फाकलरच्या नशिबी हे टिकाऊपण नव्हते.

पुढे फिल्म वेगवान झाल्या आणि रंग खंदकापर्यंत पोहोचले. व्हिएतनामच्या चिखलात लॅरी बरोज यांनी ‘लाइफ’साठी जे टिपले, त्यात ऊन शोधावे लागते, १९७१ मध्ये लाओसवर हेलिकॉप्टर पाडले गेले, त्यात ते मारले गेले. कोडॅक्रोमचे उत्पादन थांबवत असल्याची घोषणा कंपनीने जून २००९ मध्ये केली. शेवटचा रोळ स्टीव्ह मॅक्करी यांना देण्यात आला. अफगाण युद्धातून पळालेल्या हिरव्या डोळ्यांच्या मुलीचे १९८४ मधील त्यांचे छायाचित्र याच फिल्मवरचे. छत्तीस चौकटींचा तो रोळ घेऊन ते न्यूयॉर्कहून भारतात आले. त्यातील काही चौकटी मुंबईत चित्रपट कलावंतांवर, काही राजस्थानात रबारी लोकांवर खर्च झाल्या. जुलै २०१० मध्ये ते कोडॅक्रोम धुणारी जगातील अखेरची प्रयोगशाळा असलेल्या कॅन्सास राज्यातील पार्सन्स गावी पोहोचले. रोळमधील उरलेल्या चौकटी त्यांनी तिथेच संपवल्या. त्यांत गावच्या दफनभूमीतील यादवी युद्धाच्या सैनिकाचा पुतळा आहे.